चहाला आधण येईपर्यंत एक रांगोळी : रोज काहीतरी छोटं करणाऱ्यांचा धागा

आधण | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

मागच्या पाडव्याला दारात रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुडा आत ठेवायला गेले तेव्हा वाटलं, आजही काढू चार ठिपके. तेव्हापासून चालू आहे. साडेदहा महिने होत आले. न काढलेल्या दिवसांना कॅलेंडरावर फुली मारते, त्या २३ आहेत.

आमचं अंगण म्हणजे कोथरूडमधल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरची दारापुढची एक फरशी, दोन फूट बाय दोन फूट. त्यातही चपलांच्या कपाटाचं दार उघडायला जागा सोडावी लागते. समोर लिफ्ट. फरशी गुळगुळीत, त्यामुळे कोरडी रांगोळी लिफ्टच्या वाऱ्याने सरकते. आधी ओलं फडकं फिरवून, फरशी अर्धवट वाळली की काढायची, मग ती धरते. हे कळायला मला दोन आठवडे लागले.

नियम एकच. चहाचं आधण ठेवलं की बाहेर जायचं, पाणी उकळलं की आत यायचं. चहा माझा आणि सासूबाईंचा, नवरोबा उशिरा उठतात. दोन कपांचं आधण म्हणजे जेमतेम चार-पाच मिनिटं. एवढ्यात काय होतं? ७ ते ४ ठिपक्यांचं एक कमळ होतं. पहिला महिनाभर तेच काढलं. तिसऱ्या आठवड्यात इतका कंटाळा आला की तेच ३७ ठिपके वेगळे जोडून बघायला लागले, आणि खरी मजा तिथून सुरू झाली.

मग जुलैत मी एक घोडचूक केली. फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायला लागले. अंगठे यायला लागले, "वहिनी, आज काय स्पेशल?" यायला लागलं. मी रंग आणले. रंग नुसता चिमटीतून सुटत नाही, त्यात पांढरी रांगोळी मिसळावी लागते, म्हणजे ती तयारी आदल्या रात्री. चार मिनिटांची चाळीस झाली. आषाढी एकादशीला विठोबा काढला, कंबर धरली, आणि दुसऱ्या दिवसापासून ओळीने नऊ फुल्या आहेत. रोजच्या वरणभाताची मी पुरणपोळी करून ठेवली होती.

आता फोटो बंद, रंग बंद. पुन्हा जमतंय.

सासूबाई दारातल्या खुर्चीत बसून बघतात. त्यांची रांगोळी मोठी असायची, वाड्यातल्या शहाबादी फरशीवर, पुठ्ठ्याला उदबत्तीने भोकं पाडलेला 'कागद' ठेवून. कागद उचलला की त्या एक ठिपका हाताने द्यायच्या. त्यांच्या माहेरची काही रीत असावी. मी कागद वापरत नाही, पण शेवटी एक जादा ठिपका मीही देते.

तर, तुम्ही रोज काय करता? ते छोटं कसं ठेवता? आणि झाल्यावर त्याचं काय करता, ठेवता की पुसता?

---

खारी_बिस्किट | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:२२

मस्त धागा. पहिला झब्बू माझा.

रोज एक चित्र, दुकानाच्या पावतीच्या मागे. दूध, पेट्रोल, औषधं, जी पावती त्या दिवशी खिशात असेल ती. वही आणून बघितली होती. कोऱ्या पानाचीच भीती वाटते, त्यातून ते पान चांगल्या कागदाचं असलं तर विचारूच नका. पावतीची भीती वाटत नाही.

त्या कागदाची एक गंमत हाताला सापडली. पुढच्या गुळगुळीत बाजूवर नख जोरात ओढलं तर काळी रेघ उठते, कारण तो कागद उष्णतेने काळा होणारा असतो आणि घासण्याची ऊब त्याला पुरते. पेन नसेल त्या दिवशी नखाने काढतो. अजून एक, काही महिन्यांनी पुढचा छापील मजकूर उडून जातो. काय घेतलं, किती रुपये झाले, सगळं गायब. मागची बॉलपेनची म्हैस मात्र जशीच्या तशी.

बिस्किटाच्या डब्यात टाकतो. उघडून बघत नाही.

---

परसदार | १४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

पुड्यातली रांगोळी म्हणजे दगडाची पूड. आमच्याकडे कोकणात आजी भाताचं तूस जाळून रांगोळी करायची. तूस पुरतं जळलं पाहिजे. काळं राहिलं तर रांगोळी मळकट येते. मग ती राख वस्त्रगाळ करून डब्यात भरायची. पांढरीशुभ्र कधीच नाही, थोडी राखाडीच. पण इतकी हलकी की सारवलेल्या खळ्यावर केसासारखी रेघ यायची. पुड्यातली जड रांगोळी तशी उतरत नाही, हे आजही माझं मत आहे.

आईचा चातुर्मासात गोपद्मांचा नेम होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज ३३ गोपद्मं, ओळीने पाच वर्षं. गाईच्या खुराचा ठसा, म्हणजे चिमटीचे दोन फराटे. देवासमोर एक पाट, त्यावर ३३. वर्षाला झाली चार हजारांच्या आसपास, पाच वर्षांची वीस हजार. तिसऱ्या वर्षी ती बोलताबोलता काढायची. मान आमच्याकडे वळवून "दप्तर भरलंस का" विचारत हात चालू, आणि ३३ नंतर हात आपोआप थांबायचा. मोजत नव्हती. ही कला आहे असं तिला कुणी म्हटलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पाट पुसायची. ठेवायचं काय त्यात?

---

नेमस्त | १४ फेब्रुवारी, रात्री ८:४०

थोडा विरोधी सूर लावतो. ठेवायचंच. आणि तारीख घालून ठेवायचं.

मी रोज बोरूने एक अक्षर काढतो. एकच. एक महिना एक अक्षर. बोरूचा काप तिरका लागतो, आणि इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबचा काप देवनागरीला उलटा पडतो. हे माहीत नसताना मी चार महिने हातालाच दोष देत होतो. गेल्या वर्षी सप्टेंबरभर 'ळ' घेतला. १ तारखेचा 'ळ' म्हणजे शेजारीशेजारी ठेवलेले दोन मेदूवडे. ३० तारखेचा बघवतो तरी. मधली पानं चाळली की दिसतं, १७ तारखेला डावा गोल लहान करून बघितला आणि गाडी रुळावर आली. चोपडी नसती तर हे मला कधी कळलं असतं?

जपानचे चित्रकार होकुसाई ऐंशी ओलांडल्यावर १८४२-४३च्या सुमारास रोज सकाळी एक सिंह काढत. इडापिडा टळावी म्हणून. त्यातले दोनशेहून जास्त सिंह आज बघायला मिळतात, कारण ते कुणीतरी ठेवले.

रोज पुसणाऱ्याला आपण पुढे सरकतोय की जागच्या जागी फिरतोय हे कसं कळणार? प्रामाणिक प्रश्न आहे, टोमणा नाही.

---

आधण | १४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

नेमस्त, नाही कळत. पण मला पुढे सरकायचंय असं मी कुठे म्हटलं? :)

बरं, गंमत सोडा. हाताला कळतं. आधी ठिपके द्यायलाच आधण यायचं, आता ठिपके देऊन, जोडून, कडेला वेल फिरवून होते तरी पाणी कोमटच असतं. तुमच्या चोपडीचं मोल मला मान्य आहे. फक्त माझ्या बाबतीत 'ठेवणं' आलं की 'दाखवणं' पाठोपाठ आलं, आणि दाखवणं आलं की चहा उतू गेला.

---

पोळीभाजी | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

तुम्हा सगळ्यांना चार मिनिटं मिळतात याचाच हेवा वाटतो. माझं पोरगं दोन वर्षांचं. रांगोळी काढली तर आधी चव घेईल.

पण धागा वाचून लक्षात आलं की मीही रोज एक काहीतरी करतेच. पोळ्या झाल्या की शेवटच्या गोळीची चिमणी. माझी आई करायची, तिची आई करायची. शेपटी चिमटीत दाबून पंखासारखी पसरायची, चोच ओढायची, डोळ्यांना दोन मोहरीचे दाणे. तवा उतरवून जाळीवर भाजायची. कणीक सैल असेल तर भाजताना मान पडते, घट्ट असेल तर शेपटी चिरते. चिमणीपुरती गोळी जरा पिठात मळून घेतली की दोन्ही टळतं.

कालची कासव झाली. मान पडली म्हणून कासव. त्याने आधी पाय खाल्ले.

ठेवायचं की पुसायचं याचं उत्तर आमच्याकडे पोटात जातं.

---

परसदार | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

वा, चिमणी! तूप लावून खायची. चुलीच्या निखाऱ्यावरची तर... असो. अवांतर होतंय.

---

चेन्नईकरीण | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:००

बारा वर्षं मैलापुरात आहे. इथे बायका उजाडायच्या आत दारासमोरचा रस्ता झाडून, पाणी मारून तांदळाच्या पिठीचा कोलम काढतात. दुपारपर्यंत निम्मा मुंग्यांनी नेलेला असतो, आणि ते काढणाऱ्यांना मंजूर असतं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी महिना. तेव्हा कोलम रस्ता भरून, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. स्पर्धाही होतात. पण आमच्या शेजारच्या अम्मा स्पर्धेला जात नाहीत. म्हणतात, दारापुढचा सोडून दुसऱ्याच्या रस्त्यावर कशाला काढायचा?

आपल्या रांगोळीत ठिपके जोडतो. इथल्या वळणाच्या कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवत नाही, वळसे घालत जाते आणि निघाली तिथे परत येते. अम्मांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "एका रेघेत होईल असा काढायचाय का?" म्हटलं हो. म्हणाल्या, मग ५ आडवे ६ उभे घे, ५ बाय ५ घेऊ नकोस. कारण विचारलं तर म्हणाल्या, तसंच असतं.

१९७०च्या दशकात इथल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट आणि रानी सिरोमनी या गणितज्ञ दांपत्याने कोलमच्या आकृत्यांचं व्याकरण संगणकशास्त्राच्या अंगाने मांडलं. अम्मांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं झालं, आणि पिठीची वाटी पुढे केली.

---

शून्य_ठिपके | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चौकटीच्या कागदावर करून बघितलं. प्रत्येक ठिपक्याभोवती वळसा, दोन ठिपक्यांच्या मधून तिरकं, कडेला आलं की वळायचं.

५ बाय ६ : एक रेघ.
५ बाय ५ : पाच वेगळ्या रेघा.
४ बाय ६ : दोन.
३ बाय ६ : तीन.

अहो, हा मसावि आहे! पाचवीपासून ज्याने छळलं तो मसावि. दोन संख्यांचा मसावि १ असेल तर सगळी आकृती एका रेघेत, नाहीतर जेवढा मसावि तेवढे वेगवेगळे धागे. बाईंनी पट्टीऐवजी पिठी हातात दिली असती तर मी वर्गाबाहेर उभा राहिलो नसतो.

४ बाय ६ करताना पहिल्यांदा तीन आल्या, मग कळलं की एका कडेला वळायचं विसरलो होतो. वरणभात गार झाला.

---

चेन्नईकरीण | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

अम्मांना विचारून आले. ७ बाय ९ चालेल का? लगेच "एक". ६ बाय ९? "मूणु", म्हणजे तीन. कधी शाळेत गेल्या होत्या विचारलं, तर तिसरीपर्यंत.

---

नेमस्त | १६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

हे जबरदस्त आहे. मुंग्यांनी रोज खाऊनही अम्मांच्या हातात चोपडी तयार झालेली दिसते. माझा विरोध अर्धा मागे घेतो. अर्धाच.

---

रोखठोक_काका | १७ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

सगळं ठीक आहे, पण रोज म्हणजे रोज का? मूड नसताना काढलेली रांगोळी, मूड नसताना खरडलेलं चित्र, याला मी तरी सर्जन म्हणणार नाही. हजेरी लावणं म्हणतात त्याला. मी महिन्यातून एकदा कविता लिहितो, ती आतून आलेली असते. हलकं घ्या.

---

खारी_बिस्किट | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

काका, माझी निम्म्याहून जास्त चित्रं हजेरीच आहेत. म्हैस येत नाही तेव्हा मी मिक्सर काढतो. पण चांगलं चित्र कुठल्या दिवशी येणार हे आधी कळत नाही हो. डेंटिस्टच्या बाहेर बसून, दाढ ठणकत असताना काढलेली समोरच्या आजोबांची टोपी हे माझं आजवरचं सगळ्यात बरं चित्र आहे. मूड विचारला असता तर त्या दिवशी शिव्याच निघाल्या असत्या.

जाता जाता, महिन्याला एक कविता म्हणजे तुमची वर्षाची बारा. कमी नाहीत. टाका की इथे.

---

रोखठोक_काका | १७ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

वर्षाच्या बारा नाही होत. मागच्या वर्षी दोन झाल्या.

---

परसदार | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१५

आधण ताई, चैत्र येतोय. चैत्रांगण काढणार का? तृतीयेला गौर बसते तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. मखरातली गौर, शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, मोर, फणी, करंडा... आई सगळं एकदम काढायची आणि तासभर उठायची नाही. तुमच्या चार मिनिटांत ते बसणार नाही. पण महिना आहे ना हाताशी. रोज एक चिन्ह काढलं तर?

---

आधण | २० फेब्रुवारी, रात्री ८:०० 

हे आवडलं! आज मोर, उद्या फणी. फणी मला जमेल, दाते सरळ ओढायचे. हत्तीची सोंड कुठल्या बाजूला यावरून सासूबाईंचं आत्ताच सुरू झालंय.

---

पोळीभाजी | ११ जून, दुपारी २:५०

धागा वर काढतेय. आधण ताई, चैत्रांगण झालं का? तुमचा काहीच पत्ता नाही.

---

आधण | १२ जून, सकाळी ७:३०

नाही झालं गं. गौर काढली, शंख काढला, चक्र, गदा, पाचव्या दिवशी फणी. त्या रात्री सासूबाई गेल्या. झोपेतच. ८६ वर्षांच्या होत्या.

सुतकात दारात रांगोळी नाही. मला वाटलं होतं, त्या दिवसांत चार मिनिटांची कसली आठवण येणार. पण सकाळी आधण ठेवलं की पाय बाहेर जायचे. लिफ्टमधून उतरणारी वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी, जी माझ्याशी कधी एक शब्द बोललेली नाही, तिने कोरी फरशी बघून आईला सांगितलं म्हणे की 'फोर्थ फ्लोअरच्या आजी'. ग्रुपवर कळवायच्या आधी तिची आई आमच्या दारात.

तेराव्यानंतरही महिनाभर हात लावला नाही. कॅलेंडरावर फुल्या मारायच्याही सोडल्या. आता चालू केलंय. आधण एकाच कपाचं, त्यामुळे लवकर येतं. ५ ते ३ च बसते तेवढ्यात, १९ ठिपके.

परवा त्यांचं कपाट आवरताना तो 'कागद' सापडला. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, १३ ते ७ चा, भोकांच्या कडा उदबत्तीने करपलेल्या, अजून जरा वास येतो. मागे पेन्सिलने 'दिवाळी' लिहिलंय, साल नाही. एका बाजूला वाळवी लागलीय, पण भोकं शाबूत आहेत.

---

परसदार | १२ जून, सकाळी ८:१०

ताई, फार वाईट वाटलं. हत्तीच्या सोंडेचं राहिलंच मग.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी धरेल. सुती कापडात गुंडाळा, बरोबर कडुनिंबाचा पाला.

---

शून्य_ठिपके | १२ जून, सकाळी १०:४०

आधण ताई, आजींना नमस्कार.

१३ ते ७ म्हणजे मधे १३ आणि दोन्हीकडे उतरत १२, ११, १०, ९, ८, ७. एकूण १२७ भोकं. उदबत्तीने एकेक पाडलेली. किती वेळ लागला असेल! तुमच्या पुठ्ठ्यावर बरोबर १२७ आहेत का? सहज विचारतोय, सवय.

---

आधण | १३ जून, सकाळी ७:४०

तुमचं वाचून आज पुठ्ठा उजेडासमोर धरून दोनदा मोजली. १२६ आहेत. वरून दुसऱ्या ओळीत, उजवीकडून तिसऱ्या जागी भोकच नाही.

त्या हाताने द्यायच्या तो हाच ठिपका.